एक्सरेबाईंची काचेची खोली

घराला काचेची खोली जोडावी की जोडू नये, हे एक्सरेबाईंनी कुणालाही विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त सांगितलं होतं. पण सांगितलेलं विचारल्यासारखं ऐकायची लोकांना खोडच असते, त्याला काय करणार? शेजारीण म्हणाली, उन्हाळ्यात भट्टी होईल. थोरली बहीण फोनवर म्हणाली, काचा पुसता पुसता कंबर मोडेल, आणि पाखरांची घाण काढायची ती वेगळीच. मुलगा तर बोलूनचालून घरांची किंमत ठरवणारा. बँका त्याला पाठवायच्या, तो हातात टेप घेऊन लोकांच्या घरांतून फिरायचा आणि शेवटी कागदावर एक आकडा लिहून द्यायचा. त्याने आईच्या स्वयंपाकघरात चहाचा कप खाली ठेवला आणि निकाल देऊन टाकला.

"आई, गुंतवणूक म्हणशील तर शून्य. मी आजवर शेकड्यांनी घरं बघितलीत. काचेची खोली दिसली की घेणारा आधी विचारतो, गळते का? उन्हाळ्यात आत बसवत नाही, थंडीत आत बसवत नाही. वर्षातले चार महिने काय ते सुख. आणि विकताना म्हणशील तर त्याचं काही मिळत नाही."

"विकायचंय कुणाला?"

"आज नाही गं. पण कधीतरी."

हे 'कधीतरी' त्या घरात दोन वर्षं मुक्कामाला होतं. बाई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात ते पहिल्यांदा आलं आणि मग हललंच नाही. आई, एकटीला एवढं घर कशाला? आमच्या शेजारच्याच इमारतीत दोन छान खोल्या आहेत, लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. मुलगा वाईट नव्हता हो. रोज फोन करायचा, औषधं आणून द्यायचा, नळ गळला तर धावत यायचा. पण काळजी करता करता माणूस ताबा कधी घ्यायला लागतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही. मध्ये एकदा बाईंच्या हातून दूध उतू गेलं. तर "आई, हल्ली तुझं लक्ष नसतं" हे त्याने तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हटलं ते किल्ली हरवली तेव्हा. जगात दूध कुणाचं उतू जात नाही? पण एकट्या बाईचं गेलं की त्याची नोंद होते.

बाईंना एक्सरेबाई म्हणायचे, कारण बत्तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या दवाखान्यात एक्सरे काढण्याचं काम केलं. श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका, सोडा. हे त्या दिवसातून शंभर वेळा म्हणायच्या आणि तेवढ्या वेळा स्वतःचाही श्वास नकळत रोखायच्या. त्या खोलीला खिडकी नव्हती. नसतेच. दाराला शिशाचा पत्रा. पहिली पंधरा वर्षं तर त्या खोलीच्याही आत आणखी एक खोली होती, लाल दिव्याची, फिल्म धुवायची. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे बाईंना पेशंटच्या कपड्यांवरून कळायचं. ओली छत्री आली की पाऊस, घामेजलेली पाठ आली की ऊन. आयुष्याचा उरलेला तुकडा उजेडात काढायचा, हे त्यांनी त्या लाल दिव्याखालीच ठरवून टाकलं होतं. याची किंमत मोजणारा टेप कुठल्या दुकानात मिळतो, ते मुलाने खुशाल सांगावं.

"हौसेला मोल नसतं," त्या म्हणाल्या.

"हौसेला नसतं, काचेला असतं," मुलगा म्हणाला आणि कप धुवायला घेऊन गेला. जिभेला धार होती, पण ती आईकडूनच आलेली, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

आता घर कसं होतं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. घर कोपऱ्यावरचं, बैठं. फाटकातून आत येऊन घराकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला छोटीशी बाग, आणि डाव्या हाताला फरशीची एक रिकामी पट्टी, तिच्यापलीकडे कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे मोठा रस्ता. रस्त्यावर, अगदी भिंतीला खेटून, बसथांबा. बाईंना खोली हवी होती ती बागेकडे. निवांत बसावं, झाडांकडे बघावं, कुणाची नजर नको. त्यांनी चौकडीच्या कागदावर पट्टी धरून स्वतः आराखडा काढला, लांबी-रुंदी लिहिली, छपराचा उतार लिहिला, दार कुठे तेही लिहिलं. बत्तीस वर्षं ज्या बाईचं काम बोटभरही चुकलं नाही, तिचा आराखडा तो.

काचवाला आला, त्याने कागद पाहिला आणि मान हलवली. हा माणूस पन्नाशीचा, बडबड्या, दोन बोटांवर जुन्या कापाच्या पांढऱ्या रेघा. "बाई, असा नीटनेटका कागद मला इंजिनियरसुद्धा देत नाहीत," तो म्हणाला, आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

काम सुरू होणार त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. बाई आठ दिवस तिच्याकडे गेल्या. जाताना काचवाल्याला किल्ली दिली, कागद दिला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. बाई तेव्हा दवाखान्यात एका हातात बहिणीचा हात आणि दुसऱ्या हातात थेंबांची बाटली धरून होत्या; फोन त्यांनी कसाबसा खांद्याने कानाशी दाबला.

"बाई, खोली डावीकडेच ना नक्की?"

"डावीकडेच! कागदावर ठळक लिहिलंय ना? मग?"

"लिहिलंय खरं. पण म्हटलं विचारावं."

"विचारू नका, करा," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आठव्या दिवशी दुपारी बाई रिक्षातून उतरल्या. फाटक उघडलं. आणि पाय जागीच थांबले. बाग होती तशीच होती. डाव्या हाताला, फरशीच्या पट्टीवर, जोतं बांधून झालं होतं आणि त्यावर पांढऱ्या चौकटींचा सांगाडा उभा होता. चांगला सरळ, देखणा सांगाडा. भिंतीपलीकडे बसची वाट बघणारी आठ-दहा माणसं त्यातून आरपार दिसत होती, आणि त्यांना बाई.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" बाई पिशवीसकट काचवाल्यावर धावल्या. "बसथांब्यावर बांधून ठेवलीत खोली! मी काय तिथे तिकिटं विकू? एवढं स्पष्ट लिहून दिलं होतं, डोळे काय खुंटीला टांगले होते?"

काचवाल्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. चित्रात घर समोरून काढलेलं होतं. खोली कागदाच्या उजव्या कडेला होती. आणि तिच्यावर, बाईंच्याच ठळक अक्षरात, लिहिलं होतं: डावी बाजू.

"चित्र म्हणतंय उजवीकडे, अक्षर म्हणतंय डावीकडे," काचवाला म्हणाला. "म्हणूनच फोन केला होता, बाई. तुम्ही म्हणालात डावीकडेच. मला वाटलं, एकट्या असता, माणसं दिसावीत म्हणून रस्त्याकडे घेत असतील."

बाईंनी चित्र बघितलं, अक्षर बघितलं. मग त्या सांगाड्याच्या आत गेल्या आणि तिथे पालथ्या घातलेल्या रंगाच्या डब्यावर बसल्या. चूक कशी झाली ते त्यांना एका क्षणात कळलं. पण मुलगा काय म्हणेल, तेही त्याच क्षणात कळलं. साठी बुद्धी नाठी. बाईंना गेल्याच महिन्यात एकसष्टावं लागलं होतं. दूध उतू गेलं, किल्ली हरवली, आणि आता तर आईला डावं-उजवंही कळेना. दोन खोल्या, लिफ्ट, खाली दवाखाना. खेळ खलास. मुलगा पाच वाजता येणार होता.

घड्याळात तीन वाजले होते. बाई डब्यावरून उठल्या नाहीत. ऊन त्यांच्या पाठीवर, मग खांद्यावर, मग मांडीवरच्या हातांवर आलं. रागाच्या भरात आधी त्यांचं लक्षच नव्हतं. मग त्यांनी मान वळवून बागेकडे बघितलं. तिथे शेजाऱ्यांच्या उंच झाडांची सावली कधीच पडलेली होती. दुपारनंतर तिकडे ऊन येतच नाही, हे आराखडा काढताना त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. वा रे शहाणी! उजेड हवा म्हणून खोली, आणि खोली सावलीत!

"बाई," काचवाला दबक्या आवाजात म्हणाला, "तुमचे चिरंजीव आले की मी सांगतो, माझी चूक झाली म्हणून. उलटं वाचलं म्हणतो. माझं काय जातं? आमच्या धंद्यात बोलणी रोजचीच."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हो म्हणाल्या नाहीत, पण नाही तरी कुठे म्हणाल्या? हे मी त्यांची बाजू घेऊन लपवणार नाही. भीती माणसाला गप्प बसवते.

मुलगा पाचला आला. त्याने सांगाडा बघितला, बाग बघितली आणि त्याचा आवाज चढला. काचवाल्याने मान खाली घालून ठरलेलं वाक्य म्हटलं. मग काय विचारता! मुलाने त्याला असा फैलावर घेतला की बसथांब्यावरची माणसं बस सोडायला तयार, पण ऐकणं सोडायला तयार नाहीत.

"उलटं वाचलं म्हणजे काय? शाळेत गेला होतात की नाही? एकटी बाई बघून वाटेल ते बांधून ठेवायचं? मी रोज दहा घरांत जातो. प्रत्येक घरात तुमचं नाव सांगीन, या माणसाला दारात उभं करू नका म्हणून. पुन्हा या भागात काम मिळालं तर बघा!"

काचवाला मुकाट ऐकत होता. त्याच्या त्या कापाच्या बोटांनी तो पँटच्या शिवणीचा दोरा ओढत होता. त्याला वाटलं होतं चार शिव्या मिळतील. पोटावर पाय येईल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि तरीही गडी शब्द पाळून उभा होता. बाईंनी ते बघितलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इथे डब्यावर उन्हं खात बसलाय!

"थांब," त्या उठल्या. "त्यांनी बरोबर वाचलं. मीच चुकीचं लिहिलं. फोनवर विचारलं तेव्हाही मीच डावीकडे म्हणाले. चूक माझी आहे."

मुलगा वळला. तो ओरडला असता तर बाईंना चाललं असतं. पण त्याचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि आवाज असा झाला, जसा बाई स्वतः घाबरलेल्या पेशंटशी बोलताना काढायच्या.

"बरं बरं. असू दे. तू बस बघू. पाणी हवंय का?"

"पाणी कशाला?"

"दमली असशील. आई, हे मला गेले काही महिने दिसतंय. काही घाबरायचं नाही हं. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, विसरण्याबिसरण्याचे." असं म्हणत त्याने फोन लावलाही, आणि दोन मिनिटांत सोमवारी सकाळी नऊची वेळ घेऊनही टाकली. आईसमोर, आईबद्दल, आईला न विचारता. "आणि हे काम इथेच थांबवू. तसंही तू आमच्या बाजूला आलीस की..."

बस्स. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इथे ये. माझ्यासमोर उभा राहा. माझ्याकडे तोंड करून. हां. डावा हात वर कर."

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. हात वर कर म्हणते ना!"

त्याने डावा हात वर केला. काचवाल्यानेही केला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"हा तुझा डावा हात. माझ्या कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या."

"एक्सरे असाच बघतात. माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरायचं. त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला. बत्तीस वर्षं मी फिल्मच्या उजव्या कडेला डावी बाजू म्हणून शिशाचं अक्षर ठेवत आले. अक्षर चुकलं तर कुणाचा धडधाकट पाय कापला जाईल, म्हणून झोपेतसुद्धा चुकले नाही. घराचं चित्र काढताना तेच केलं. घर माझ्याकडे तोंड करून उभं आहे, ही त्याची डावी बाजू, म्हणून लिहिलं डावी. लोक घराची बाजू अशी मोजत नाहीत, हे मला सुचलं नाही. चूक आहेच, मी नाही म्हणत नाही. पण ही विसरणाऱ्या डोक्याची चूक नाही, न विसरणाऱ्या डोक्याची आहे! कळलं? आता हात खाली घे."

मुलाने हात खाली घेतला. कागद मागून घेतला, बघितला, घराकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला. मापं घेणारा माणूस तो, त्याला पटायला वेळ लागला नाही. पटलं हे मात्र तोंडाने लगेच निघेना.

"ठीक आहे," तो अखेर म्हणाला. "मग हे खोलून बागेकडे हलवू. तुला हवी होती तिथे."

"हलवून देतो," काचवाला उत्साहाने म्हणाला. "नटबोल्टचं तर आहे."

"नाही," बाई म्हणाल्या. "खोली इथेच राहील."

"इथे? बसथांब्यावर?"

"इथे ऊन आहे. संध्याकाळपर्यंत आहे. मी तीनपासून बघतेय. तिकडे सावली आहे, ती माझी दुसरी चूक, तीही लिहून घे तुझ्या वहीत."

"अगं पण सगळा रस्ता आत बघेल!"

"बत्तीस वर्षं मी लोकांच्या आत बघितलं. बरगड्या बघितल्या, गिळलेली नाणी बघितली. आता लोकांनी मला चहा पिताना बघितलं तर बिघडलं कुठे?"

"आई, मी कामाचं बोलतोय. बागेकडे असली तर घेणारा एक वेळ खपवून तरी घेईल. पण रस्त्याला लागून काचेची खोली म्हणजे घराची किंमत उलट कमी होईल. विकताना काय करायचं?"

"विकताना मी नसेन."

काचवाल्याने उगीचच जमिनीवरचा एक स्क्रू उचलला.

"असं काय बोलतेस," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज आता खरोखर दुखावलेला होता.

"का नको बोलू? खरं आहे ते. मी असेपर्यंत हे घर विकलं जाणार नाही, आणि मी नसेन तेव्हा तुला हवं ते कर. ही खोली पाड, कुणाला दे, मी बघायला येणार नाही. तू जी किंमत काढतोस ना, ती नेहमी पुढच्या मालकाची. त्याला काय आवडेल, त्याला काय नको असेल. अरे, त्या न आलेल्या माणसाची तुला एवढी काळजी! आत्ताची मालकीण तुझ्यासमोर उभी आहे, तिला एकदा तरी विचारलंस का, आई, तुला काय हवंय?"

बाईंचा आवाज शेवटी फुटला. रडू नव्हतं ते, इतक्या महिन्यांचा संताप होता. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि मान ताठ केली.

मुलाने चौकट धरली. सवयीने त्याने ती हलवूनही बघितली. हलली नाही. काम पक्कं होतं.

"सॉरी हं," तो काचवाल्याला म्हणाला. "मगाशी जे बोललो ते... तसलं काही सांगणार नाही मी कुणाला."

"चालायचंच," काचवाला म्हणाला. "पण पुढच्या वेळी तुमच्या आई दोन शब्दांत जे सांगतील ते मी चार वेळा विचारणार."

"आणि सोमवारचं?" बाईंनी मुलाला विचारलं. त्या विषय सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "डोक्याचा फोटो काढायला पाठवतील मला. तिथल्या सगळ्या पोरी माझ्याच हाताखाली शिकल्यात. त्यांना काय सांगू, मुलाला वाटलं म्हणून आले?"

मुलाने फोन काढला. त्याच नंबरवर लावला. पलीकडच्या बाईने वेळ का रद्द करायची ते विचारलं असावं, कारण तो अडखळला आणि त्याने आईकडे बघितलं. आईने नजर हटवली नाही.

"नाही नाही, आईची तब्येत उत्तम आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिला काही झालेलं नाही. चूक माझी झाली."

"मोठ्याने बोल," एक्सरेबाई म्हणाल्या. "रस्त्याचा आवाज आहे, ऐकू गेलं नसेल तिला."

मुलाने एक मोठा श्वास घेतला.

"चूक माझी झाली!"

काचा अजून बसायच्या होत्या, त्यामुळे बसथांब्यावरच्या सगळ्यांना ते स्वच्छ ऐकू गेलं.